रामराव अहलकारांचे बंदवाले बूट

अंबडच्या तहसील कचेरीत रामराव अहलकार अकरा वर्षं आरजी होते. अहलकार म्हणजे कारकून, आरजी म्हणजे तात्पुरते. या अकरा वर्षांत चार तहसीलदार बदलून गेले, कचेरीचं माळवद एकदा खाली येऊन पुन्हा वर चढलं, आवारातलं लिंबाचं रोप वाढत वाढत एवढं मोठं झालं की सरकारी दफ्तरात त्याला नंबर पडला. लिंब मुस्तकिल, म्हणजे कायम, झाला. रामराव राहिले.

तसं त्यांच्या कामात खोट नव्हती. मोडी लिहोत की उर्दू, अक्षराकडं बघत राहावं असं. अंगानं भरलेले, पोट जरा पुढं आलेलं, चालणं सावकाश, बोलणं तोलून. आणि माणूस मानी. मानी असायला जवळ दुसरं काही नसलं तरी चालतं, हे त्यांच्याकडं पाहून कळायचं.

त्या वर्षी खुरदाद महिन्यात, म्हणजे ऐन चैत्राच्या तावात, औरंगाबादेहून हुकूम आला. जिल्ह्याचे मुख्य अंमलदार अव्वल तालुकदारसाहेब तपासणीला, मुआयन्याला, येणार. अंबड कचेरीतली एक जागा मुस्तकिल व्हायची आहे, तिचा निकाल साहेब जागेवरच देणार. इथवर रामरावांनी दोनदा वाचलं. मग खालची ओळ आली. तमाम अहलकारांनी शेरवानी, दस्तार आणि बंदवाले बूट घालून हाजिर राहावं. चढाव, वहाणा बिलकुल मना.

शेरवानी होती. लग्नातली होती, पण होती. डोक्याला दस्तार होता. बूट मात्र रामरावांच्या घराण्यात कोणाच्या पायाला लागले नव्हते. त्यांनी जन्मभर चढाव वापरलेले. पाय आत सरकवला की झालं. पायात काही घालायला हातांचीही गरज लागते, ही कल्पनाच त्यांना थोडी हलकी वाटली.

तरी ते भाड्यानं दमणी गाडी करून जुन्या जालन्याला गेले. दुकानदारानं काळे कुळकुळीत बूट काढले, घोट्याच्या वर येणारे. एका बुटाला चौदा भोकं, म्हणजे जोडीला अठ्ठावीस. रामरावांनी ती मोजली, कारण सरकारी माणसानं माल मोजून घ्यावा. दुकानदारानं खाली बसून नाड्या ओवल्या, दोन बोटं इकडं, दोन तिकडं, आणि निमिषात फुलासारखी गाठ मारली. रामराव तसेच बूट घालून अंबडला आले. वाटेत त्यांनी पाच वेळा पाय पुढं करून पाहिले. त्यांच्या आयुष्यातला तो शेवटचा सुखाचा प्रवास.

घरी आल्यावर बुटांवर फुफाटा बसलेला दिसला. म्हणून त्यांनी नाड्या काढल्या, पूर्ण काढल्या, झटकल्या, सतरंजीवर सरळ मांडल्या. मग पुन्हा ओवायला बसले.

पहिल्यांदा ओवलं तेव्हा नाडीचं डावं टोक हातभर उरलं आणि उजवं मिशीच्या केसाएवढं. दुसऱ्यांदा टोकं बरोबर आली, पण एक भोक रिकामं राहिलं. ते कुठून राहिलं याचा तपास लागेना. तिसऱ्यांदा नाडी अशी काही फिरली की बुटाचे दोन्ही काठ एकमेकांवर चढले आणि मधली जीभ कायमची आत गेली. बरं, पायात घालून बांधावं तर खाली वाकताच पोट मध्ये यायचं. मग बूट दिसेना, फक्त हात दिसायचे, तेही उलटे.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर द्वारकाबाई, त्यांच्या मंडळी, तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप दोनदा पाखडलं. मग म्हणाल्या, "अहो, मी ओवू का? परकराची नाडी ओवते तशी सुईनं ओवून देते. घडीभराचं काम."

"हा सरकारी मामला आहे," रामराव पोटाखालून म्हणाले. "परकराचा न्हाई."

"बरं," म्हणून द्वारकाबाईंनी सुपातला एक खडा बाजूला टाकला. तो जरा जोरातच पडला.

मुआयन्याला दहा दिवस होते. दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईंचा भाऊ कारभारी अंतरवाली सराटीहून गाडी घेऊन आला. शेतकरी माणूस, हाताचे पंजे फावड्यासारखे. भाऊजींची दशा बघून त्याला खरोखर कळवळा आला.

"दाजी, तुमी लिव्हणारी मानसं. गाठ आमाला इचारायची. आमचा पांढऱ्या बैल दाव्याला हाय दहा वर्सं, सुटून गेल्ता का कधी?"

रामरावांनी कबूल केलं की पांढऱ्या सुटून गेल्याचं त्यांच्या ऐकिवात नाही.

"मंग! करा पाय म्होरं."

कारभाऱ्यानं सगळी भोकं सोडून दिली. भोकं हा त्याच्या मते दुकानदाराचा नखरा होता. त्यानं नाडी घोट्याभोवती दोनदा घेतली, एक फास टाकला आणि पाय रामरावांच्या कंबरेला टेकवून ओढलं. गाठ बसली. तिचा गुण असा की जितकं ओढावं तितकी ती आवळते. बैलाला हे ठाऊक असतं, म्हणून तो ओढत नाही. रामराव मात्र चालायला निघाले. दर पावलाला फास तसूभर चढला. मारुतीच्या देवळापर्यंत त्यांच्या पायाला मुंग्या आल्या, वेशीपाशी मुंग्याही गेल्या. परत येताना ते एका पायावर, दोन अनोळखी माणसांच्या खांद्यांवर हात टाकून आले. विळ्यानं नाड्या कापाव्या लागल्या. पाय शाबूत राहिले, नाड्यांचे नऊ तुकडे झाले.

"गाठ झकास होती," कारभारी बैल जुंपता जुंपता म्हणाला. "पर दाजी, तुमचा पायच कच्चा."

आता नवीन नाड्या हव्यात. अंबडच्या बाजारात तेव्हा सोलापुरी चादर मिळायची, कान कोरायचं कोरणं मिळायचं. बुटाची नाडी मिळत नव्हती. जालन्याच्या दुकानदाराला निरोप धाडला तर त्याचा उलट निरोप आला की नाडी बुटाबरोबर येते, सुटी येत नाही; वाटल्यास आणखी एक जोड घ्यावा. रामरावांनी तो निरोप पुन्हा सांगायला लावला आणि आत गेले.

मग कोणी सुचवलं, फकरोद्दीन पटवेगाराकडं जा. हा दागिने रेशमात ओवून देणारा कारागीर. बायकांच्या पोती, करदोडे, बाजूबंदाचे गोंडे त्याच्याच हातचे. त्यानं सगळी हकीगत ऐकली आणि कानाला हात लावला.

"तौबा! ऐसे काम को बैल का फंदा? रामराव, तुमी बिलकुल फिकर करू नका. ऐसा बंद बनाता की साहब देखते रह जाएंगे."

साध्या सुताचा कर, असं रामरावांनी तीनदा सांगितलं. पण कलावंताला साधं सांगणं म्हणजे त्याचा अपमान करणं. पाच दिवसांनी फकरोद्दीननं बंद आणून दिले. लाल आणि हिरवं रेशीम, गव्हाच्या लोंबीसारखी वीण, चारी टोकांना जरीचे गोंडे. त्यानं स्वतः भोकांतून ओवून, वर अशी गाठ घातली की द्वारकाबाई आपण होऊन उठून बघायला आल्या.

"माझ्या पोतीला बी असलं न्हाई केलं कधी," त्या म्हणाल्या, आणि त्यात कौतुक किती आणि दुसरं काय किती हे रामरावांनी शोधलं नाही.

ते बूट घालून रामराव कचेरीला निघाले. रेशीम दिसायला देखणं, पण निसरडं. वीस पावलांवर उजवी गाठ सुटली. वाकून बांधली, तर डावी सुटली. पायरीपाशी ते सातव्यांदा वाकले आणि नेमके त्याच क्षणी समोरून भुजंगराव आले. भुजंगराव त्यांच्याच कचेरीतले दुसरे आरजी अहलकार, वयानं पंधरा वर्षांनी लहान, त्याच एका जागेवर डोळा ठेवून असलेले. त्यांनी पाहिलं की रामराव आपल्या पायांशी वाकले आहेत. माणूस संस्कारी. त्यांनी दोन्ही हात रामरावांच्या पाठीवर ठेवले.

"असू द्या, असू द्या. औक्षवंत व्हा."

कचेरीच्या ओट्यावर बसलेल्या पक्षकारांनी हे पाहिलं. त्यातला एकजण उठून उभा राहिला. वर पेशकारांनी, म्हणजे कचेरीतल्या मुख्य अहलकारांनी, चष्मा पुढं सरकवून गोंड्यांकडं बघितलं आणि विचारलं, "रामराव, ये बूट हैं या दूल्हे का सेहरा? मुआयने में ये नहीं चलेगा."

त्या दिवशी रामराव जेवले नाहीत. द्वारकाबाईंनी दोनदा बोलावलं. ते भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. अकरा वर्षं कलमाच्या टोकावर काढलेला माणूस आपण, आणि अडलो कुठं, तर दोन हात लांबीच्या दोरीशी, असं काहीतरी ते भिंतीला सांगत होते.

मुआयना दोन दिवसांवर आला तेव्हा इब्राहीमचाचा दारावरून चालले होते. इब्राहीमचाचा बावीस वर्षं जालन्याच्या छावणीत पलटणीत होते, हे साऱ्या अंबडला ठाऊक होतं. ताठ कणा, पांढऱ्या मिशा, पाऊल मोजून. रामरावांनी जवळजवळ धावत जाऊन त्यांना गाठलं. पलटणीतला माणूस! बूट बांधावे तर त्यानं.

चाचांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "सूत नको, रेशीम नको. चमड़े की वादी लाओ. पानी में भिगो के रखना. मुआयने के दिन सुबह मैं आता. ऐसा कसून देतो की खुदा बी खोल नहीं सकता."

हे शेवटचं वाक्य रामरावांनी नीट ऐकायला हवं होतं. पण बुडणारा माणूस वाक्यं ऐकत नाही.

मुआयन्याच्या सकाळी चाचा आले. ओल्या वाद्या त्यांनी खालपासून वरपर्यंत काट्यावर काटा टाकत ओवल्या, दर भोकाला हिसका दिला, वर दुहेरी गाठ मारली आणि उरलेली टोकं खाली खोवून टाकली. बोटांनी बुटावर टकटक केलं, कान देऊन ऐकलं आणि समाधानानं उठले. रामराव चालून आले. गाठ सुटली नाही, पाय बधिरला नाही, गोंडे नव्हते. द्वारकाबाईंनी हातावर दही ठेवलं. त्या घटकेला रामराव इतके ताठ उभे होते की शेरवानीचं वरचं बटण आपोआप लागलं.

साहेब आठला येणार होते. मोटार वाटेत बिघडली. नऊ झाले, अकरा झाले. कचेरीच्या आवारात तीस अहलकार तीस बंदवाल्या बुटांच्या जोड्यांत उभे. ऊन असं की माळवदावरचा कावळा एकेक पाय उचलून बसत होता. आणि त्या उन्हात रामरावांच्या वाद्या वाळू लागल्या.

ओलं चामडं वाळताना आक्रसतं. आधी त्यांना वाटलं, पाय सुजले. बारा वाजता बोटं एकावर एक चढली. एक वाजता त्यांना आपल्या पायांतलं प्रत्येक हाड वेगळं मोजता येत होतं. त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, फक्त भुजंगरावांनी विचारलं, "तुम्ही हसून का राह्यले?"

दीड वाजता साहेब आले. आणि त्याच वेळी नाझर, कचेरीच्या सामानाचा अंमलदार, दारात येऊन ओरडला, "आत जमिनीवर पांढऱ्या चादरीची चांदणी अंथरली आहे. बूट बाहेर काढा! जल्दी!"

तीस माणसं खाली वाकली. एकोणतीस सरळ झाली आणि अनवाणी आत गेली.

रामराव वाकलेलेच होते. गाठ लाकडासारखी झाली होती. नखं लागेनात, दात पोचेनात. त्यांनी नाझराला हाक मारली. "साहेब, एक कलमतराश द्या. वादी कापायची आहे."

"कलमतराश कलम तासायला असतो," नाझर म्हणाला. "बुटासाठी दिल्याचं रजिस्टरात कुठं लिहू?"

"अहो, माझी अकरा वर्षं आत चालली आहेत!"

नाझराला दया आली. त्यानं सही घेऊन कलमतराश दिला. रामरावांनी पातं वादीखाली घालून जोर केला. पातं मोडलं. वादीवर ओरखडासुद्धा उठला नाही. नाझरानं दया आवरती घेतली आणि मोडलेल्या पात्याचा लेखी खुलासा मागितला.

एवढ्यात कुंपणापलीकडं इब्राहीमचाचा दिसले. "चाचा!" रामराव कळवळून म्हणाले, "पलटणीत बूट काढताना काय करायचे तुम्ही?"

"बूट?" चाचा थांबले. "बूट का मेरे को क्या मालूम? मैं तो बैंड में था. ढोल कसायचो. बावीस साल."

"पण मग हे सुटणार कसं?"

"ढोल को कौन खोलता, रामराव?" चाचांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं.

आतून पुकारा झाला. "रामराव अहलकार, आरजी!"

"हाजिर!" रामराव पायरीवरून ओरडले.

"अंदर आओ!"

"येता येत नाही, हुजूर!"

आत कागद चाळले गेले. कोणीतरी काहीतरी पुटपुटलं. मग दुसरं नाव पुकारलं गेलं, भुजंगरावांचं. रामरावांना अनवाणी पावलांचा आवाज ऐकू आला, आणि थोड्या वेळानं भुजंगरावांचं "हुजूर की मेहरबानी" ऐकू आलं. दुपारच्या उन्हात आवारातला लिंब पान हलवत नव्हता. रामराव पायरीवर बसले. आता पाय दुखत नव्हते. दुखायला काही शिल्लक वाटत नव्हतं.

मुआयना आटोपून तालुकदारसाहेब बाहेर आले. उंच, थकलेले, चांगल्या चेहऱ्याचे गृहस्थ. बाहेरच्या खुर्चीवर बसले, त्यांचे बूट समोर होते, आणि बूट चढवणारा खिदमतगार मोटार बघायला गेला होता. साहेबांनी बूट सरकवले, नाड्या मोकळ्या लोंबत होत्या, आणि सवयीनं पाय पुढं केला. पुढं कोण होतं? पायरीवर बसलेले एकटे रामराव. मागं दारात एकोणतीस अनवाणी माणसं, त्यांत एक नुकतेच मुस्तकिल झालेले, श्वास धरून उभी.

रामरावांनी नाडी हातात घेतली. त्यांनी ठरवून काही केलं नाही. स्वतःच्या पायाशी सगळं पोटापलीकडं आणि उलटं असायचं. इथं बूट समोर होता, सरळ, लिहायला घेतलेल्या कागदासारखा. दोन बोटं इकडं, दोन तिकडं. फुलासारखी गाठ बसली. साहेबांनी पाय हलवून पाहिला, मग दुसरा पुढं केला. तीही बसली. साहेबांनी पहिल्यांदा रामरावांच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

"खूब! हमारा आदमी बांधता तो मोटर तक खुल जाती. नाम क्या?"

रामरावांनी नाव सांगितलं. अकरा वर्षं सांगावी की नाही याचा विचार करेपर्यंत मोटार निघून गेली.

घरी त्यांना, मुआयना बघायला आलेल्या कारभाऱ्याच्या गाडीत घालून आणलं. चांभाराला बोलवावं, सुताराला बोलवावं, असा शेजाऱ्यांचा वाद दारात चालू असताना द्वारकाबाईंनी घंगाळात कोमट पाणी ओतलं आणि नवऱ्याचे पाय बुटांसकट त्यात ठेवले.

"भिजलं व्हतं तवा सैल व्हतं," त्या म्हणाल्या. "मंग परत भिजवा की."

अर्ध्या तासात वाद्या मऊ झाल्या. गाठ त्यांनी सुईनं सोडवली. परकराची नाडी ओवायच्या सुईनं. रामरावांनी डोळे मिटून घेतले. बघायचं नव्हतं त्यांना.

तीन आठवड्यांनी पेशकारांनी त्यांना बाजूला घेऊन एक लखोटा दिला. तालुकदारसाहेबांनी खास मर्जीनं रामराव यांना मुस्तकिल केलं होतं. हुद्दा पापोश-बरदार. म्हणजे साहेबांच्या दौऱ्यात त्यांच्या पायातल्या जोड्यांचा सांभाळ करणारा. हजेरी घनसावंगीच्या मुक्कामी.

रामरावांनी घरी येऊन लखोटा द्वारकाबाईंपुढं ठेवला आणि सगळं वाचून सांगितलं. त्यांनी निवडता हात थांबवला. तांदळाचं सूप मांडीवर तसंच.

"रोज वाकावं लागंल?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ."

"लोकांम्होरं?"

रामरावांनी लखोटा उलटा करून ठेवला.

"मंग जाऊ नका," द्वारकाबाई म्हणाल्या. "ऱ्हावा आरजी. अकरा वर्सं चूल पेटलीच ना? मी हसले असंन तुम्हाला, पर दुसऱ्या कुणी तुम्हाला वाकवायचं म्हंजी काय?"

एवढं गोड त्या लग्नानंतर कधी बोलल्या नव्हत्या. रामरावांना हुंदका आला. तो त्यांनी खोकल्यात घातला. मग दौत घेतली आणि आपल्या सर्वांत देखण्या अक्षरात नामंजुरीचा अर्ज लिहिला. हुजूरच्या मेहरबानीचा आभारी आहे, परंतु ही खिदमत माझ्या कुवतीबाहेरची असल्यानं मला मूळ जागी राहू द्यावं.

पेशकारांनी अर्ज दोनदा वाचला आणि परत केला. "अक्षर नेहमीसारखंच. पण असं आहे, रामराव, मुस्तकिल जागेचा राजीनामा मुस्तकिल नोकरच देऊ शकतो. तुम्ही अजून रुजू नाही. आणि तुमची इथली आरजी जागा तर हुकूम निघाला त्याच दिवशी रद्द झाली. म्हणजे आज तुम्ही कोणीच नाही. जो कोणीच नाही त्याचा अर्ज मी कसा घेऊ? आधी घनसावंगीला जा, रुजू व्हा, मग लगेच तिथंच अर्ज द्या. दोन घटकांचं काम."

रामरावांना हे पटलं नाही, पण त्यात चूकही काढता येईना. ते घनसावंगीला गेले. गावाबाहेरच्या आमराईत साहेबांचे तंबू पडले होते. सकाळी हजेरीपटावर त्यांचं नाव चढलं. हजेरी मांडणारा शिरस्तेदार म्हणाला, साहेबांना निघायचं आहे, एवढे बूट बांधा, म्हणजे रुजू झाल्याची नोंद पुरी होईल. मग तुमचा काय अर्ज असेल तो खुशाल साहेबांच्या हातात द्या.

रामराव साहेबांपुढं खाली बसले. शेरवानीच्या आतल्या खिशात अर्ज होता, घडी न मोडता ठेवलेला. त्यांनी साहेबांच्या डाव्या बुटाची नाडी घेतली, सारखी केली आणि गाठ मारली. कोपऱ्यात शिरस्तेदारानं कलम बुडवून नोंद केली. रामराव अहलकार बारा वर्षांच्या उंबरठ्यावर मुस्तकिल झाले. त्यांनी श्वास घेतला, खिशात हात घातला, अर्जाचा कागद बोटांना लागला, आणि त्यांनी मान वर केली.

साहेब हातातला कागद वाचत होते. वाचता वाचता त्यांनी उजवा पाय पुढं केला होता.